चाळीस टक्के सूट, आठवड्याला चार पोस्ट

ताई, नमस्कार.

मी तेवीस वर्षांचा आहे, इंग्लंडात रेडिंगजवळ राहतो. गोदामात नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की कार्प मासे धरून सोडायला जातो. इन्स्टाग्रामवर माझे साधारण नऊ हजार फॉलोअर्स आहेत. गेल्या आठवड्यात एका बॉयली कंपनीचा (बॉयली म्हणजे कार्पच्या आमिषाच्या उकडलेल्या गोळ्या) मेसेज आला की आमच्या टीममध्ये ये, फील्ड टेस्टर हो, म्हणजे आमचा माल पाण्यावर वापरून बघ. बॉयलीवर चाळीस टक्के सूट, हुडी आणि टोपी फुकट, शिवाय माझ्या नावाचा डिस्काउंट कोड. कोडवर कमिशन नाही, पण वर्षअखेर ज्याचा कोड सगळ्यात जास्त वापरला जाईल त्याला एक बिव्ही, म्हणजे काठावर राहायचा तंबू, बक्षीस. बदल्यात आठवड्याला चार पोस्ट, महिन्याला एक व्हिडिओ, मजकूर आधी त्यांना दाखवायचा, महिन्याला किमान दहा किलो बॉयली घ्यायची आणि दुसऱ्या कुणाचं आमिष दाखवायचं नाही. सध्या मला महिन्याला तीन किलो पुरते, किलोला बारा पौंड पडतात. त्यांची बॉयली मी अजून वापरलेली नाही. 'जाहिरात' असं लिहायचं का, असं विचारलं तर म्हणाले, "तू पैसे देऊन घेतोयस, मग कसली जाहिरात?"

दुसरी अडचण अशी की मी ज्या सिंडिकेट तळ्याचा (ठरावीक सभासदांपुरतं खासगी तळं) सभासद आहे तिथले फोटो इंटरनेटवर टाकायला बंदी आहे. तिथलं तिकीट मिळायला मला कित्येक वर्षं थांबावं लागलं. कंपनीला मोठे मासे हवेत आणि मोठे मासे तिथेच आहेत. जूनमध्ये तिथल्या एका मिरर कार्पचा (अंगावर मोजकेच मोठे खवले असलेला कार्प) फोटो मी मागचं सगळं धूसर करून इन्स्टाग्रामवर टाकला होता. कुणी काही बोललं नाही.

ज्यांनी मला हे सगळं शिकवलं ते काठावरचे वयस्कर गृहस्थ म्हणाले, "एका टोपीसाठी विकला गेलास." आईने एवढंच विचारलं, "पैसे किती देणार?" मला पुढेमागे याच क्षेत्रात पूर्णवेळ काम करायचंय. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. काय करू?

– गळाला लागलेला, रेडिंग

*

अरे गळाला लागलेल्या,

आधी तुझ्या आईचा प्रश्न घेते. तिने नेमकं बोट ठेवलंय आणि तू तो ओझरता लिहून पुढे सटकलायस. पैसे किती देणार? एक पेनीही नाही. उलट तूच देणार आहेस. आज तीन किलोचे महिन्याला ३६ पौंड जातात, वर्षाचे ४३२. सूट मिळाल्यावर किलो पडेल ७ पौंड २० पेन्सला, पण घ्यावे लागणार दहा किलो. म्हणजे महिन्याला ७२ पौंड, वर्षाला ८६४. खर्च बरोबर दुप्पट. आणि नोकरीवरून आल्यावर रात्री जागून व्हिडिओ कापत बसशील त्याची मजुरी यात धरलेलीच नाही.

बरं, ही वरची सात किलो बॉयली तू करणार काय? फ्रीझरमध्ये आईच्या मटारांशेजारी रचून ठेवणार, आणि मग घेतलीच आहे तर वाया कशाला घालवायची म्हणून तळ्यात ओतणार. न खाल्लेलं आमिष तळाशी कुजतं, पोट भरलेला मासा गळाकडे फिरकत नाही आणि बऱ्याच तळ्यांवर आमिष किती टाकायचं यालाही मर्यादा असते. तुझ्या सिंडिकेटच्या नियमांत असेल तर बघून ठेव.

मी बरीच वर्षं टॅकलच्या, म्हणजे गळ-काठ्यांच्या सामानाच्या, दुकानात काउंटरमागे काढली आहेत, त्यामुळे हाच हिशेब पलीकडच्या बाजूने कसा दिसतो तेही सांगते. तुझ्यासारखी शंभर मुलं टीममध्ये घेतली की महिन्याला एक टन माल खपल्यात जमा. दुकानदाराला मार्जिन द्यायचं नाही, मासिकात पानभर जाहिरात घ्यायची नाही, आणि वर आठवड्याला चारशे पोस्ट. कंपनीच्या डोक्यातून बघितलं तर झकास योजना आहे, मी त्यांच्या जागी असते तर मीही केली असती. यात फसवणूक आहे असंही मी म्हणणार नाही, कारण त्यांनी सगळं तुला लिहून कळवलंय. फक्त या व्यवहारात ते प्रायोजक नाहीत. तू त्यांचा ठोक गिऱ्हाईक आहेस आणि फावल्या वेळातला बिनपगारी सेल्समन.

आणखी एक गोष्ट, जी काउंटरच्या अलीकडे फारशी कुणाला माहीत नसते. बॉयलीच्या छोट्या कंपन्यांपैकी बऱ्याच जणींचा स्वतःचा कारखाना नसतो. पीठ मळून, वळून, उकडून देणारे वेगळे असतात; ते चार जणांचा माल करतात आणि पिशवी ज्याची त्याची. याचा अर्थ माल वाईट असतो असा मुळीच नाही, पुष्कळदा उत्तमच असतो. पण 'आमची गुप्त पाककृती' वगैरे मजकूर तुझ्या नावावर टाकण्याआधी ती बॉयली कुठे वळली जाते आणि तिच्यात काय पडतं, एवढं तरी त्यांना विचार. फील्ड टेस्टरला हे सांगायला ते कचरत असतील तर तू टेस्टर कसला?

आता ते काठावरचे आजोबा. 'विकला गेलास' हे त्यांचं वाक्य तुला लागलंय, पत्रातून दिसतंय. पण त्यांना हेही सांग की इंग्लंडातल्या कार्पच्या छंदात धंदा पहिल्यापासूनच आहे. १९५२ साली रेडमायर पूल या तळ्यात ४४ पौंड वजनाचा कार्प धरून रिचर्ड वॉकरने विक्रम केला. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला गेला आणि कार्प गळाने धरता येतच नाही हा समज तिथून मोडायला लागला. त्याच वॉकरने आखलेला 'मार्क फोर' रॉड बी. जेम्स अँड सन ही कंपनी बनवून विकत होती. मासा आमिषाला लागला की वाजणारा विजेवरचा अलार्म बनवण्यातही तोच पुढे होता. वर्तमानपत्रातलं त्याचं सदर वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे नाव होतं, माल होता, लिखाण होतं. नव्हता तो फक्त इन्स्टाग्राम. त्याला कुणी विकला गेला म्हणत नाही, कारण तो रॉड त्याने स्वतःच्या गरजेतून, स्वतःच्या हाताने घडवला होता आणि मग विकायला आला.

पुढेही तेच दिसतं. फ्रेड विल्टनने पौष्टिक आमिषाचा विचार रुजवला तेव्हा तो आधी स्वतः त्यावर मासे धरत होता. लेनी मिडलटन आणि केव्हिन मॅडॉक्स यांनी हेअर रिग काढली, म्हणजे आमिष गळावर न टोचता गळापासून केसाएवढ्या दोऱ्यावर लोंबतं ठेवायचं. मासा ते ओढून घेतो, संशय आला की थुंकतो आणि मोकळा गळ त्याच्या ओठात रुततो. आज कार्पवाल्यांच्या काठीला ती रिग कुठल्या ना कुठल्या रूपात असतेच. या सगळ्यांभोवती पुढे कंपन्या उभ्या राहिल्या, पैसा आला, भांडणंही आली. पण क्रम असा होता की आधी पाण्यावर काहीतरी कळलं, मग ते विकलं गेलं. तुझ्या बाबतीत क्रम उलटा आहे. तू ती बॉयली अजून पाण्यात टाकलेलीसुद्धा नाहीस आणि ती बेस्ट आहे असं आठवड्यातून चारदा सांगायचं कबूल करायला निघालायस. आजोबांना खुपलंय ते हे, टोपी नव्हे. त्यांनी शब्द जरा जहाल वापरला एवढंच.

'टेस्ट' या प्रकाराबद्दलही थोडं बोलते, कारण यात भल्याभल्यांची गल्लत होते. एखाद्या तळ्यावर दहापैकी सात जण एकाच कंपनीची बॉयली टाकत असतील तर तिथले बहुतेक मासे त्याच बॉयलीवर येणार, यात बॉयलीचं कौतुक काय? मासे रोज तेच खातात म्हणून तेच गळालाही येतं. मग त्या माशांचे फोटो टीमच्या पानावर ओळीने लागतात आणि बघणाऱ्याला वाटतं की बाकीची आमिषं फोल आहेत. कुठल्या कोपऱ्यात मासे आहेत, वारा कुठून वाहतोय, चिखलातून बुडबुडे कुठे येतायत, हे ओळखणारा माणूस साध्या मक्याच्या दाण्यावरही कार्प काढतो. तुला हे माहीत आहे. नऊ हजार लोक तुला बघतात ते बहुधा याचसाठी. पिशवी कोणाची आहे हे बघायला ते येत नाहीत.

तेव्हा माझा पहिला सल्ला असा की कंपनीकडे आधी नमुना माग. दोन-तीन किलो, कुठलीही अट नाही, पोस्ट नाही. एक मोसम वापर, त्याच तळ्यावर एका काठीला त्यांची आणि दुसऱ्या काठीला तुझी नेहमीची. मध्ये मध्ये अदलाबदल कर, नाहीतर चांगल्या जागेचं श्रेय बॉयलीला जाईल. आपल्या मालावर विश्वास असलेली कंपनी याला हरकत घेणार नाही. हरकत घेतली तर त्यांना टेस्टर नकोय, फलक हवाय.

आता 'पैसे देऊन घेतोयस, मग कसली जाहिरात' या वाक्याकडे वळते, कारण इथे तू खरोखर गोत्यात येऊ शकतोस. हे साफ चूक आहे. ब्रिटनमध्ये जाहिरातींवर देखरेख करणारी एएसए आणि स्पर्धा व ग्राहकहिताचं बघणारी सीएमए या दोन्ही संस्था मोबदला म्हणजे फक्त रोकड असं धरत नाहीत. फुकट वस्तू, उसनी वस्तू, कमिशन, कुठलंही आमिष (इथे दुसऱ्या अर्थाने) हे सगळं मोबदल्यात येतं. तुझ्या बाबतीत फुकट हुडी आहे, सूट आहे, वर बिव्हीचं गाजर आहे. शिवाय किती पोस्ट टाकायच्या ते कंपनी ठरवणार आणि मजकूर आधी तपासणार, म्हणजे लगामही त्यांच्याच हातात. मग ती पोस्ट जाहिरातच, आणि ती जाहिरात आहे हे बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळलं पाहिजे. 'ॲड' हा हॅशटॅग सुरुवातीलाच, ठळक. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटून दुसरा नव्हे, 'अजून वाचा' दाबल्यावर उघडणाऱ्या भागात नव्हे. प्रोफाइलमध्ये 'टीम अमुक' लिहिलंय म्हणून भागत नाही, कारण रील बघणारा प्रोफाइल उघडत नाही. 'थँक्स टू', 'गिफ्टेड' किंवा नुसतं कंपनीला टॅग करणं हेही पुरेसं धरलं जात नाही.

जबाबदारी कंपनीची आहे आणि तुझीही. वारंवार न सांगता जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरांची नावं एएसए आपल्या पानावर उघडपणे लावते. २०२४ च्या नव्या डिजिटल बाजारपेठ व ग्राहक कायद्यामुळे एप्रिल २०२५ पासून सीएमए कोर्टात न जाता थेट दंडही ठोकू शकते. नऊ हजार फॉलोअर्सवाल्या कार्पवाल्याच्या दारात उद्या सकाळी ते येतील असं मी म्हणत नाही. पण ज्या कंपनीला इतका सोपा नियम माहीत नाही, किंवा माहीत असून ती तुला वेगळंच सांगते, तिच्या बाकीच्या शब्दावर किती विसंबायचं ते तूच ठरव. माझ्या लेखी या पूर्ण ऑफरमधली सगळ्यात वाईट गोष्ट हीच आहे. दहा किलोंची अट मी एक वेळ धंदा म्हणून सोडून देईन, ही नाही देणार.

करांचं थोडक्यात सांगते. धंद्यातून किंवा अशा जोडकामातून कर-वर्षात १,००० पौंडांपर्यंतच्या ढोबळ उत्पन्नाला एचएमआरसीची, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याची, सवलत आहे. त्यावर गेलास तर नोंदणी करून विवरण भरावं लागतं. उत्पन्नात पैशाच्या मोलाची वस्तूही येऊ शकते. तेव्हा पोस्टच्या बदल्यात कुणी बिव्ही, रॉड, अलार्म पाठवायला लागलं तर तारीख आणि बाजारभाव वहीत टिपून ठेवायची सवय आत्तापासून लाव. हुडीसाठी अकाउंटंट गाठायची गरज नाही.

आता तळं. तू पत्रात ही गोष्ट दुसऱ्या नंबरला टाकलीस, मला ती सगळ्यात मोठी वाटते.

मागचं धूसर केलं म्हणजे तळं लपलं, अशी तुझी समजूत दिसते. माणसाचा चेहरा झाकून त्याच्या अंगठ्याचा ठसा छापावा तसं झालंय हे. मिरर कार्पच्या अंगावर खवल्यांची जी मांडणी असते ती दुसऱ्या कुठल्या माशासारखी नसते. शेपटीजवळचे तीन मोठे खवले, पाठीच्या रेघेवरचा एकटा खवला, एखादा दुमडलेला पर, एवढ्यावर जाणकार मासा ओळखतात. मोठ्या माशांना नावं असतात, त्यांची वजनं वर्षानुवर्षं लिहून ठेवलेली असतात. पीटरबरोजवळच्या ब्लूबेल लेक्समधली बेन्सन ही मासोळी २००९ मध्ये मेली तेव्हा देशभर बातमी झाली. ती साठाहून जास्त वेळा धरून सोडली गेली होती असं तेव्हा छापून आलं. केंटमधल्या कॉनिंगब्रुकचा टू-टोन हा तेव्हाचा ब्रिटनच्या विक्रमाचा मासा. तो २०१० मध्ये गेला तेव्हाही तेच झालं. अशा दुनियेत तू मिररची एक पूर्ण बाजू नऊ हजार लोकांना दाखवलीस आणि झाडं पुसलीस! तुझ्या सिंडिकेटमधल्या कुणी तो फोटो पाहिला असेल तर त्याला मासा क्षणात कळला असणार. बोललं नाही कुणी, याचा अर्थ कुणाला कळलं नाही असा होत नाही.

ही बंदी हेकेखोरपणातून आलेली नसते. एका फोटोवरून तळं ओळखलं गेलं की रात्री कुंपणावरून उड्या पडतात, वेटिंग लिस्ट फुगते, तिकीट महागतं आणि त्याच पाच-सहा माशांवर दसपट गळ पडतात. मासेचोरीची भीती असते ती वेगळीच. तिकीट घेताना तू त्या नियमावर सही केलीस, तेव्हा तुझ्यासमोर कुठलीही कंपनी नव्हती. आता ती आली म्हणून नियम बदलत नाही. आणि नीट विचार कर, तू त्यांना हवा आहेस तो मोठ्या माशांमुळे. ते मासे तुझे नाहीत, सिंडिकेटचे आहेत. तिकीट गेलं की मासे गेले, मासे गेले की कंपनीही महिन्याभरात दुसऱ्या कुणाच्या मागे लागेल. तुझ्या हातात उरेल टोपी.

मासा हातात घेऊन शूटिंग करण्याबद्दल मला खास सांगायचंय, कारण आठवड्याला चार पोस्ट म्हटल्यावर तिथेच आधी काटछाट होते. फोटो घ्यायचा तर सगळी तयारी मासा पाण्याबाहेर येण्याआधी झाली पाहिजे. मासा ठेवायची मॅट ओली, बादलीत तळ्याचं पाणी भरलेलं, वजनाची झोळी भिजवून काट्यावर शून्य लावलेलं, कॅमेरा स्टँडवर आणि अंदाज आधीच जुळवलेला. मासा तोवर जाळ्यात, पाण्यात. मग गळ काढायचा, लागलेल्या जागी औषध लावायचं, वजन करायचं, गुडघ्यावर बसून मॅटवर अगदी खाली धरायचा, दोन-चार फोटो, अंगावर पाणी, आणि परत. उभं राहून छातीशी मासा धरणारे मला अजून दिसतात. तो निसटला तर जमिनीवर आपटतो, एवढी साधी गोष्ट आहे. व्हिडिओचं काम सुरू झालं की मात्र एक शॉट अजून, दुसरी बाजू दाखव, पर उघडलेला घे, पिशवी शेजारी ठेव, लोगो दिसत नाही, पुन्हा घे. तोवर मासा तोंड उघडून मॅटवर. बॉयलीची पिशवी माशाच्या अंगावर टेकवून काढलेले फोटो मी पाहिलेत. कंपनीने तसा फोटो मागितला तर तिथेच संबंध संपव, पुढचं काही बोलायचीही गरज नाही.

उरला तुझा खरा प्रश्न, जो तू शेवटच्या ओळीत उरकलास. याच क्षेत्रात पूर्णवेळ काम. ही इच्छा चांगली आहे आणि अशक्यही नाही, फक्त त्याची वाट टीमच्या हुडीतून जाते असं तुला वाटतंय आणि तिथे घोटाळा होतोय. पडद्यावर जे चेहरे तुला प्रायोजित वाटतात त्यांच्याकडे नीट बघ. कॉर्डाचे डॅनी फेअरब्रास, नॅशचे केव्हिन नॅश, हे कॅमेऱ्यासमोर मासा घेऊन बसले ते स्वतः उभ्या केलेल्या कंपनीसाठी. इतर बरेचसे कंपनीत पगारावर असतात. कुणी नवा माल तयार करण्याच्या विभागात, कुणी विक्रीत, दुकानं फिरणारे प्रतिनिधी, कुणी कॅमेरा आणि एडिटिंगमध्ये. सोमवारी सकाळी त्यांना ऑफिसात जावं लागतं. त्यांच्याखाली थोडेसे सल्लागार, ज्यांना ठरावीक मानधन असतं. त्याखाली फुकट माल मिळणारे. आणि सगळ्यात तळाला सवलतीत माल विकत घेणारी टीम, जिथे तुला बोलावलंय. या तळाच्या पायरीवरून वर चढलेली माणसं आहेत, नाही असं नाही, पण ती वर गेली ती बहुतेक दुसऱ्या एखाद्या कामामुळे. कुणाला उत्तम शूट करता यायचं, कुणाला लिहिता यायचं, कुणाला समोरच्याला समजावून सांगता यायचं.

तुझं इन्स्टाग्राम मी पाहिलेलं नाही, पण गोदामात नोकरी करून, सुट्टीपुरते मासे धरून नऊ हजार लोक जमवलेस म्हणजे यातलं काहीतरी तुझ्याकडे आहे. ते कोणतं, हे आधी शोध. कॅमेरा असेल तर दुसऱ्यांसाठी शूट कर, तेही पैसे घेऊन, मग एका पोस्टचे का होईना. शिकवणं असेल तर अँग्लिंग ट्रस्टच्या प्रशिक्षकांच्या वाटेने जा. मुलांना तळ्यावर गळ टाकायला शिकवणारे भरवशाचे प्रशिक्षक लागतातच. मासे आणि पाणी यातच जीव रमत असेल तर हॅम्पशरमधल्या स्पार्शोल्ट कॉलेजात मत्स्यव्यवस्थापन शिकवतात, तुझ्यापासून फार लांबही नाही. तळ्याचं पाणी तपासणारा, वनस्पती राखणारा, पाणमांजरापासून मासे कसे वाचवायचे हे जाणणारा माणूस फॉलोअर्स मोजत बसत नाही, पण त्याला दर महिन्याला पगार येतो. आणि टॅकलच्या दुकानात शनिवारी काम करण्याला कमी लेखू नकोस. कंपन्यांचे प्रतिनिधी तिथेच येतात, आणि कुठला माल परत येतो ते काउंटरवरच्या माणसाला त्यांच्याही आधी कळतं.

मग या कंपनीला शुक्रवारी काय सांगायचं? थेट नकार द्यायची गरज नाही. असं काहीतरी लिही, तुझ्या शब्दांत :

"विचारल्याबद्दल आभार. तुमची बॉयली मी वापरलेली नाही, म्हणून आधी एक मोसम स्वतः वापरून बघेन, नमुना पाठवलात तर उत्तम. त्यानंतर जमलं तर महिन्याला दोन पोस्ट करेन, प्रत्येकीवर सुरुवातीलाच जाहिरात असं लिहीन. किमान खरेदीची अट मला मान्य नाही. मजकुरात चुकीची माहिती असेल तर जरूर सांगा, पण मत माझं राहील. सिंडिकेट तळ्यावरचे फोटो मिळणार नाहीत. माझे फोटो आणि व्हिडिओ तुम्ही तुमच्या पानावर किती काळ वापरणार आणि टीम सोडल्यावर त्यांचं काय होणार, ते लेखी कळवावं."

शेवटची ओळ गाळू नकोस. टीम सोडल्यावरही वर्षानुवर्षं त्याच कंपनीच्या पानावर मासा घेऊन हसणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि तोवर ती दुसऱ्याच कुणाच्या बॉयलीवर मासे धरत असतात. डे-तिकीटवाल्या (दिवसापुरतं तिकीट काढून कुणालाही जाता येतं अशा), फोटोला परवानगी असलेल्या तळ्यांवर तू हवे तेवढे व्हिडिओ कर. लहान मासा असला तरी चालेल. वीस पौंड वजनाचा कार्प नीट समजावून धरला तर लोक बघतात. यावर कंपनी हो म्हणाली तर कर. गप्प बसली तर तुझे वर्षाला ४३२ पौंड वाचले.

आजोबांना हा मेसेज पाठवण्याआधी दाखव. त्यांना विचारल्याचंच बरं वाटेल आणि दोन वाक्यं ते सुधारून देतील.

आणि तो जूनचा फोटो आज रात्रीच काढून टाक. नंतर सिंडिकेटच्या मालकाला तू स्वतः फोन कर, मेसेज नको. अमुक तारखेला अमुक मासा टाकला होता, काढलाय, पुन्हा होणार नाही, एवढं सांग. कंपनी, बॉयली, फॉलोअर्स यातलं काही मध्ये आणू नकोस. कदाचित तो तुला या मोसमापुरता बाहेर काढेल, तसं झालं तर ऐकून घे. पण हेच त्याला दुसऱ्या सभासदाकडून कळलं तर तिकीट कायमचं जाईल, आणि नूतनीकरणाची पत्रं निघायच्या आत हे उरकलेलं बरं.

– ताई